मामांचा अर्धा कप

दुधाची बाजू घेऊन भांडणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, दुधाच्या नावानं बोटं मोडणारीही असतील. पण एकाच जन्मात दोन्ही बाजूंनी तितक्याच त्वेषानं भांडलेला माणूस मी एकच पाहिला, माझे थोरले मामा. गिरगावातली खोली विकून ते विरारला आले ते मोठ्या जागेसाठी नव्हे, तबेला जवळ आहे म्हणून, असं मामी म्हणायची. त्या वर्षांत आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं, त्याबद्दल मामांची काही तक्रार नव्हती. दूध मात्र ते थेंबभर अंगठ्याच्या नखावर घेत, नख तिरकं धरत, आणि थेंब जरा भरभर ओघळला की जिन्यात उभ्या दूधवाल्याला विचारत, "अरे बाबा, आमच्या नळाला नाही ते पाणी तुला मिळतं तरी कुठे? आम्हालाही पत्ता दे!"

माणसांचीही परीक्षा ते दुधावरूनच करायचे. आमच्या नात्यात कुणाचंही लग्न जमवायचं तर मुलगी बघायला मामा हवेतच. मुलीचं शिक्षण, पत्रिका, उंची हे सगळं इतरांनी बघायचं. मामा फक्त चहा बघायचे. चहा दाट असला तर घर मोकळ्या मनाचं, पातळ असला तर हात आखडलेला. आणि अर्धा कप तसाच ठेवून मामांनी बशी पुढे सरकवली की ते स्थळ मोडलं. तोंडानं "कळवतो" म्हणायचे, पण ते नुसतं म्हणायला. आगाशीपासून वटारपर्यंतच्या सगळ्या मध्यस्थांना हा अर्धा कप ठाऊक होता. माझ्या वाट्याला तर असे इतके अर्धे कप आले होते, की तिशी ओलांडून मी तसाच बिनलग्नाचा राहिलो. आई म्हणायची, "जाऊ दे रे, मामाचा स्वभावच तसा." स्वभाव त्यांचा आणि संन्यास माझा, वा रे न्याय!

मामांचं पोट मात्र कायम बिघडलेलं. कधी वांग्यावर खापर, कधी हरभऱ्याच्या डाळीवर, कधी टँकरच्या पाण्यावर. शेवटी कोपऱ्यावर नवा दवाखाना थाटलेल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारून घेतलं आणि सांगितलं, "काका, तुम्हाला दूध पचत नाही."

"मला? अहो बाई, कोजागिरीला पातेलं मी एकटा संपवतो!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

मामा रागारागानं घरी आले. बाईंना खोटं पाडायचं म्हणून त्यांनी थोडे दिवस दूध सोडलं, आणि पोट असं शांत झालं की मामांचीच पंचाईत झाली. मग काय, धर्मांतरच! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो म्हणतात. मामांनी ताकच सोडलं. दही गेलं, पेढा गेला, तूप चालेल असं बाई सांगत असतानाही तूप गेलं, आणि शेवटी भिंतीवरचं गाईचं चित्र असलेलं कॅलेंडरही गेलं. आगाशीच्या बाजारात दुकानासमोर भर उन्हात उभं राहून ते भिंगातून बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचायचे. सत्यनारायणाचं पंचामृत तळहातावर घेऊन ते थेट टकलाला लावायचे, त्यामुळे श्रावणात त्यांच्या डोक्याला मुंग्या लागत. घरी मिक्सरवर सोयाबीनचं दूध काढायला लागले तेव्हा वासानं वरच्या मजल्यावरचे लोक गॅस गळतोय का म्हणून विचारायला आले. आणि येईल त्याला एकच प्रवचन: "दूध वासराचं! माणसाचा काय संबंध?" मामीला विचारलं तर म्हणायची, "आधी म्हशीचं कौतुक ऐकलं, आता वासराचं ऐकते. पिढी बदलली, एवढंच."

अशात वटारचं स्थळ आलं. केळी, पानवेली आणि सोनचाफ्याची वाडी, मुलगी आगाशीच्या शाळेत शिकवणारी. मामांनी तिला विचारलं, "स्वयंपाकात काय काय येतं?" तिनं सांगितलं, आणि शांतपणे माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला काय येतं?" मी गडबडून म्हणालो, "चहा." ती खुदकन हसली. खोटं कशाला बोलू, तिथंच मी संपलो. लग्न करीन तर हिच्याशीच.

आणि नेमका चहा आला. तिच्या वडिलांनी अभिमानानं सांगितलं, "घरच्या म्हशीचं दूध आहे, मामासाहेब. पाण्याचा थेंब नाही." तिनं कप पुढे केला. मामा म्हणाले, "मी घेत नाही."

अर्धा कप ठेवला तर नकार, इथे तर कपाला हातही नाही! मध्यस्थ बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वडील चाचरत म्हणाले, "काही चुकलं का आमचं?" तेवढ्यात मामांनी प्रवचन सुरू केलं, आणि "दूध वासराचं" म्हणायला अन् गोठ्यातलं वासरू हंबरायला एकच गाठ पडली. तिच्या आजी आतून तडकल्या, "वासराला पोटभर पाजूनच काढतो हो आम्ही!" वडील उठले. म्हणाले, "बरं. मग तसं कळवा."

मी नुसतं "मामा" म्हणालो. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं एक वाक्य अर्ध्यात राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी कप उचलला, बशीत ओतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. रिकामा कप सगळ्यांना दिसेल असा धरून म्हणाले, "घेत नाही म्हणालो ते विरारचं. याला म्हणतात चहा!" सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात तिची आई खरवस घेऊन आली. मामांनी तोही खाल्ला, वर आग्रहाची दुसरी वाटीही.

थोड्या वेळानं मामांचा चेहरा बदलला. "जरा वाडी बघून येतो," म्हणून ते उठले. संडास वाडीच्या पार टोकाला, केळींच्या पलीकडे. वडील सोबत निघाले तर मामा चालता चालता ओरडले, "नको नको! मला एकट्यालाच झाडांत रमायला आवडतं." परत आले, टेकले, पुन्हा वाडी बघायला गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. वडील भारावून मला म्हणाले, "काय आवड आहे हो! नाहीतर हल्लीचे पाहुणे पंख्याखालून हलत नाहीत."

तिला मात्र कळलं होतं. मामा घामाघूम होऊन ओटीवर टेकले तेव्हा तिनं गवती चहा आणि आलं घातलेला कप त्यांच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "मामा, हा कोरा आहे." मामांनी तो सावकाश संपवला आणि तिच्या वडिलांना सांगितलं, "आमची पसंती. कळवत बसत नाही."

पुढे मामा आमच्या घरी यायचे, तिच्या हातचा कोरा चहा प्यायचे आणि समोर कोणीही असो, छाती पुढे काढून सांगायचे, "दूध सोडलं ते सोडलं. एकदाही पथ्य मोडलं नाही!" जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलणारे मामा त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. आम्हीही नाही. आम्हा दोघांकडे बघायचे मात्र नाहीत ते वाक्य बोलताना.

आता मामा नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, वटारला गेलो की जास्तच. सासरे थकलेत, पण संध्याकाळी माझा हात धरून केळींच्या कडेनं चालतात आणि दर वेळी त्या टोकाशी थांबून म्हणतात, "तुमच्या मामांसारखा बागायतीचा शौकीन पाहुणा पुन्हा काही आला नाही."

"हो ना," मी म्हणतो. "फार जीव होता त्यांचा."