माझा डबा तू खा

सुमनबाईंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी वांगी चिरत होते. "काकू, आई पहाटे गेली," एवढंच बोलला अन् रडायलाच लागला. मी त्याला समजावत राहिले, इकडे वांगी काळी पडली… महिना उलटला त्याला.

सुमनबाई आष्टीकडच्या एका खेड्यात पहिलीला शिकवायच्या. जन्मभर पहिलीच. त्यांच्या वर्गाची एक रीत होती. मधल्या सुट्टीत आपला डबा आपण उघडायचा नाही, दुसऱ्याचा उघडायचा. कोणाचा कोणापुढे जाईल, ते बाई रोज बदलायच्या. एका घरचे भांडायला आले, आमची पोरगी कोणाच्याही घरचं खाणार नाही म्हणून. बाई म्हणाल्या, "बरं, तिचा डबा मले द्या, माझा ती खाईल." आले तसे परत गेले. पुढे शाळेतच खिचडी शिजायला लागली, डबे बंद झाले. सगळ्यांना बरं वाटलं, बाई तेवढ्या हिरमुसल्या.

रिटायर झाल्यावर पिपरी मेघेत आमच्या शेजारी घर बांधून आल्या. यजमान आधीच गेलेले, मुलगा पुण्याला. माझंही तसंच की! मुलगा-सून सकाळी ड्युटीवर गेले की घर खायला उठायचं. एका दुपारी बाई डबा घेऊन फाटकात उभ्या.

"कमल, तुझा डबा आन. माझा तू खा."

"काऊन बाई, घरी भाजी नाई का?"

"आहे ना वं! पण माह्या हातचं मलेच घशाखाली नाई जात."

तेव्हापासून रोज दुपारी त्यांच्या वऱ्हांड्यात अदलाबदल. अन् खाताना तोंडाला लगाम नाही. "तू अंबाडीत गूळ टाकतं का गुळात अंबाडी?" मी काय सोडते! "तुमची बेसनाची पातोडी कौलं म्हणून घरावर टाका, दोन पावसाळे निघतील." हसता हसता बाईंना ठसका लागायचा…

मग पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मुलगा घेऊन गेला. गुणी पोरगा, त्याचं काही चुकलं नाही. एकटं कसं ठेवणार? फोनवर बाई म्हणायच्या, "सून लय करते वं. पण इथं जो तो आपल्या टाइमानं जेवते. माह्या हातचं कोणाले पाहिजेच नाई."

"मग या ना परत."

"येतो. काठी घेऊन चालता आलं की येतोच."

चालायला लागल्या, असं ऐकलं होतं. मी वऱ्हांडा झाडूनही ठेवला होता.

आता दुपारी ताट वाढून घेते, तर घास फिरतो तोंडात. म्हणून परवापासून एक करते. सकाळी डबा भरते, फडक्यात बांधते, बाजूला ठेवून देते. दुपारी उघडते, कोण्या दुसऱ्या घरून आल्यासारखा. गाठ सोडताना क्षणभर वाटतं, आज काय असेल बरं…

माझंच वांगं निघतं.