मागच्या सीटवरचं वजन

"मामा, गाडीचा दिवा गेला," असं कुणी म्हटलं की लाईटमामांचं डोकं फिरलंच म्हणून समजा. "गेला? कुठं गेला? मला तर सांगून नाही गेला!" असं खेकसून आधी गिऱ्हाईकाला गप्प करायचे आणि मग गाडीकडे वळायचे. मोटारसायकलचे दिवे सोडून ते कशाला हात लावत नसत. इंजिनाचं काम घेऊन कुणी आलं तर नुसती मान समोरच्या मेकॅनिककडे उडवायची, शब्दही खर्च करायचा नाही. पण हेडलाईट असो, टेललाईट असो, इंडिकेटर असो, दिव्याची भानगड झाली की लोक मुकाट्याने मामांच्याच शिव्या खायला यायचे. कारण मामांच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी पुन्हा आली, असं कुणाला आठवत नव्हतं.

त्यांच्या दुकानाच्या मागे एक खोली होती. खिडकी नाही, झरोका नाही, भिंती काळ्या रंगवलेल्या. तिला सगळे अंधारखोली म्हणायचे. गाडी आत घ्यायची, दार लावायचं, दिवे चालू करायचे आणि स्टुलावर बसून बघत राहायचं, ही मामांची पद्धत. दिव्याकडे नाही हं, भिंतीकडे. "दिव्याकडे बघितलंस तर डोळे दिपतात आणि काही कळत नाही. उजेड भिंतीवर कसा पडतो ते बघ," असं म्हणायचे. एखादा बल्ब मधूनच मिचमिचतो, तो कधी मिचमिचेल याचा नेम नसतो. त्याची वाट बघत मामा तासन्‌तास त्या काळोखात बसायचे. त्यांना एकदा कुणीतरी विचारलं, आत एकटं बसायला भीती नाही वाटत? त्यावर मामा म्हणाले, "भूतबित काही नसतं बाबा. अर्थिंग खराब असतं."

घरी मामा आणि त्यांची लेक, दोघंच. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेकीला ते ठमी म्हणायचे, आणि ती चांगली कमावती, उंचीपुरी झाली तरी ठमीच म्हणायचे. ठमी नदीपलीकडच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. संध्याकाळी जायची आणि सकाळी यायची. तिच्यासाठी मामांनी एक जुनी गाडी स्वतः उभी केली होती. वायरिंग नवं, बल्ब नवे, सीट तेवढी जुनी, पण दणकट. लेकीची गाडी रस्त्यावरून जाताना लांबूनही ओळखू यावी इतका तिचा टेललाईट लालभडक होता, आणि याचा मामांना केवढा तोरा!

तर एका सकाळी ठमी घरी आली ती पांढरीफटक पडूनच. हातातला डबा ओट्यावर ठेवायलाही तिला जमेना.

"काल ट्रकने उडवलीच असती मला," ती म्हणाली. "पुलावर. करकचून ब्रेक मारला त्याने. खाली उतरून बोंबलायला लागला, मागचा दिवा नाही, मरायचंय का म्हणून. आणि बाबा, हे पहिल्यांदा नाही झालेलं. लोक मागून हॉर्न मारतात, ओरडतात. पुलावर चढले की दिवा जातो आणि कारखान्याच्या गेटापाशी येतो. सकाळी येताना काही नाही."

मामांच्या काळजाचं पाणी झालं. पण काळीज दाखवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते भडकले. "आणि हे मला आज सांगतेस? बाप काय फक्त जगाचे दिवे लावायला बसलाय?"

गाडी लगेच अंधारखोलीत गेली. मामांनी बल्ब बदलून पाहिला, होल्डर घासला, फ्यूज काढून पुन्हा बसवला. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मडगार्डवर हाताने धपाधप मारलं. भिंतीवरचा लाल उजेड ढिम्म हलला नाही. जेवायची वेळ टळून गेली. शेवटी कंबर भरून आली म्हणून मामा गाडीच्या मागच्या सीटवर जरा टेकले, आणि लाल उजेड गेला.

ते उठले. उजेड आला. बसले. गेला.

"सापडलीस, सटवे!" मामा काळोखात एकटेच ओरडले. सीटखालून जाणारी तार वरून धडधाकट होती, पण आतून तुटलेली. मागे कुणाचं वजन पडलं की सीट दबायची, तार वाकायची आणि आतली टोकं सुटायची. वजन उतरलं की टोकं पुन्हा चिकटायची. किती साधं! मामा हसतच तार सोलायला बसले, आणि त्यांचा हात मध्येच थांबला. मागे वजन पडलं की. ठमी तर एकटी जाते.

मग मामांच्या मनात तेच आलं, जे कुठल्याही बापाच्या मनात आलं असतं. ते तार तशीच टाकून तरातरा घरी गेले. ठमी नुकती झोपून उठली होती.

"कोण बसतं तुझ्या मागे?"

"कुठं मागे?"

"गाडीवर! पुलापाशी कोण चढतं आणि गेटापाशी कोण उतरतं? सरळ सांग. आवडत असेल कुणी तर घरी आण, चहा पाजतो. पण बापापासून चोरून हे धंदे नकोत."

"कुणी बसत नाही, बाबा."

"दिवा खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलते?" तिचे डोळे भरून आले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "गाडी जड होते पुलावर. मला वाटायचं चढामुळे होत असेल. पण चढ संपला तरी तशीच राहते. कुणी मागे बसल्यावर होते ना, अगदी तशी. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही."

मामा हसले नाहीत. पण त्यांनी विश्वासही ठेवला नाही. वाईट ते हेच. नको नको ते बोलले. पोरगी आईविना वाढली म्हणून शेफारली, इथपर्यंत गेले. ठमीने केस बांधले, डबा भरला आणि दुकानात जाऊन गाडीपाशी उभी राहिली. मामांनी धुसफुसत तार नवी घातली, वर नळी चढवली, सीटपासून लांब चौकटीच्या कडेने नेऊन पक्की आवळली. काम झकास झालं. आता हत्ती मागे बसला तरी दिवा जाणार नव्हता. ठमी निघून गेली.

ती गेल्यावर मामांना करमेना. शेवटी रागाला एक निमित्त हवं होतं म्हणा, ते दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या गेटावर जाऊन थडकले. तिथल्या वॉचमनला आडवं घेतलं. "माझी पोरगी कुणाबरोबर येते रे?"

"एकटीच येते की," वॉचमन म्हणाला. "पण मामा, एक विचारू? गेटात शिरली की ती गाडी उभी करते आणि थोडा वेळ तशीच बसून राहते. मागे वळून बघत नाही. मी म्हटलं, काय गं, उतरत का नाहीस? तर म्हणते, आधी हलकी होऊ दे."

हे ऐकल्यावर मामांचा राग कुठल्या कुठे पळाला.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, मामा पुलाच्या अलीकडे कठड्याला टेकून उभे राहिले. खाली नदीचं पाणी शाईसारखं काळं. रहदारी बेताची. ठमीची गाडी लांबून येताना दिसली. हेडलाईटचा उजेड डांबरावर नीट खाली पडलेला, मामांनी स्वतः बसवला होता तसाच. गाडी पुलाच्या तोंडाशी आली आणि जरा मंदावली. तोच उजेड डांबरावरून उठला. पुलावरच्या पहिल्या दिव्याच्या खांबाच्या पायथ्याशी होता तो सरसर वर सरकत खांबाच्या मध्यावर जाऊन थांबला.

हेडलाईट आपोआप वर बघत नाही. गाडीचं बूड दबलं तरच तोंड वर होतं. हे मामांइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला माहीत असणार होतं? सीटवर ठमी होती आणि तिच्या मागे हवा.

"ठमे! थांब!"

ती दचकून थांबली. मामा धावतच गेले. टेललाईट लालभडक जळत होता, जराही मिचमिचत नव्हता. त्याच्या वर मागची सीट रिकामी, आणि मागच्या चाकाचे दोन्ही शॉकअप खाली दबलेले.

"बाबा, तुम्ही?" ठमीने विचारलं. "दिवा चालू आहे ना?"

"आहे."

"तेच तर झालंय," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "आधी मागचे लोक ओरडायचे, तेव्हा निदान मला खात्री पटायची. आता कुणी ओरडतही नाही. आता कसं कळणार हो मला, माझं डोकं फिरलंय की खरंच कुणी आहे?"

"खरंच आहे," ते म्हणाले. "तू खरं बोलत होतीस. मीच गाढव. चुकलो, पोरी."

मग त्यांनी रिकाम्या सीटकडे बघितलं. समोर लेक होती. दुकानात भलत्याच माणसाने गाडीवर बूड टेकलं की जो आवाज लावायचे, तोच त्यांनी लावला.

"उतर."

ठमीने घाबरून पाय खाली टेकला.

"तू नाही," मामा म्हणाले.

काही झालं नाही. वारा सुटला होता. एक टेम्पो बाजूने निघून गेला. मामा पुन्हा बोलले, या वेळी आवाज खाली आणून, "हे बघ, तुला काय हवंय मला ठाऊक नाही. सोबत हवी असेल, पलीकडे जायचं असेल. पण ही माझी एकुलती एक पोर आहे. हिच्या गाडीवर नाही बसायचं. काय असेल ते माझ्याशी."

शॉकअप करकरले. गाडीचं बूड हळूच वर आलं, माणूस उतरल्यावर येतं तसं. खांबावरचा उजेड खाली डांबरावर येऊन टेकला. ठमीने तोंडावर हात दाबला. मामांनी एकही क्षण न दवडता टांग टाकली आणि लेकीच्या मागे घट्ट बसले.

"चल," ते म्हणाले. "बघू नकोस इकडेतिकडे."

तेव्हापासून मामांचं दुकान दिवेलागणीला बंद होतं. गिऱ्हाईकं बोंब मारतात, ऐन अंधाराच्या वेळी हा माणूस कुठे उलथतो म्हणून. मामा लेकीच्या मागे बसून तिला कारखान्यापर्यंत सोडतात. गाडी तिथेच राहते, सकाळी ठमी ती घेऊन एकटी येते, आणि तिला कधीच काही जड लागत नाही.

मामा मात्र रात्री पायीच परततात. घरापर्यंत यायला रिक्षा मिळते, ते घेत नाहीत. पुलावर आले की कठड्याकडची बाजू मोकळी सोडून चालतात, आणि सारखं बोलत असतात. आज कुठली गाडी आली, कुणाचं वायरिंग उंदराने खाल्लं, ठमीला बढती मिळायची आहे, असलं काहीबाही. मध्ये थांबतात, मान हलवतात, पुन्हा बोलायला लागतात. येणारेजाणारे म्हणतात, म्हातारा हल्ली स्वतःशीच बडबडतो.

ठमीने एकदा रडवेली होऊन त्यांना विचारलं, "बाबा, असं किती दिवस चालायचं?"

"तुला काय करायचंय? तू आपली गाडी चालव," मामा खेकसले, आणि पायताण चढवून तिच्या आधी दाराबाहेर जाऊन उभे राहिले.