माशाचं शिळं पाणी

मैत्रिणींनो, आज आमच्या नांदुऱ्यात आठ दिवसांनी नळ आले. नळ आले की घरातलं सगळं शिळं पाणी ओतून ताजं भरायचं, हा सासूबाईंचा नेम. "बिचाऱ्याले शिळ्या पाण्यात काऊन ठेवतं वं?" म्हणत त्यांनी मायेनं माझ्या केशरी माशाची टाकीही घासूनपुसून नव्या पाण्याने भरली.

दुपारी पाहते तर मासा तळाशी, कोपऱ्यात. कल्ले भराभर हलत होते. नशीब, मागच्या खेपेला भरलेली एक बादली अंगणात वाचली होती. त्याला तिच्यात सोडलं.

मग आम्ही दोघी बादलीशी बसून राहिलो. पाण्यावरचं ऊन भिंतीवर हलत होतं. आपणही पाण्याखालीच बसलोय, असं वाटत होतं. मी सांगितलं, नळाचं पाणी आधी दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो, आणि टाकीतलं थोडंच बदलायचं. सगळं जुनं एकदम गेलं की त्याला सोसत नाही.

सासूबाई बादलीत वाकून माशाकडे पाहू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "लगन होऊन आली, तवा तुलेबी असंच झालं असन, नाई वं?"

मासा आता वर आलाय. माझ्या जागी तुम्ही सासूबाईंना काय सांगितलं असतं?