मागे बसलेली बाई

सौंसरच्या कोर्टात मी इतकी वर्षं अपघाताचे दावे लढवते आहे की आता मला दुसऱ्या कामासाठी कोणी विचारत नाही. सुरुवातीला शेतीच्या वाटण्या, भाडेकरूंची भांडणं, असं येईल ते करायची. मग रामाकोन्याजवळ एक जीप उलटली. जखमींतल्या एकाची बहीण माझ्या ओळखीची होती, म्हणून ती केस घेतली. तेव्हापासून लोक माझ्याकडं काहीतरी मोडल्यावरच येतात.

अधूनमधून पांढुर्ण्याच्या कोर्टात पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, असते. नवरा गाडी चालवतो आणि मी बाहेर बघत बसते. या वळणावर शाळेतले गुरुजी गेले, त्या पुलाच्या कठड्याला ट्रॅक्टर धडकला. पूर्वी बोलून दाखवायची. एकदा नवरा म्हणाला, "कधी नुसता रस्ता पाहा ना." तेव्हापासून मनातच ठेवते.

लोधीखेड्याचं ते जोडपं आलं तेव्हा मी पुरती थकले होते. आदल्याच आठवड्यात एका जुन्या दाव्यात विमा कंपनीनं वर अपील केलं होतं, आणि त्या म्हाताऱ्या पक्षकाराला ते समजावून सांगण्यात माझा जीव गेला होता. हे दोघं समोर बसले. त्याचं गावात भांड्यांचं दुकान. ती उजवा हात पदराखाली झाकून बसली होती.

शनिवारी जामसांवलीला हनुमानाचं दर्शन घेऊन दोघं मोटारसायकलनं परत निघाले होते. सौंसरच्या अलीकडं बाजूच्या शेतांतल्या पांदणीतून संत्र्यांनी भरलेलं एक पिकअप न थांबता रस्त्यावर आलं. नवऱ्याला नुसतं खरचटलं. तिचा हात कोपरापासून चिरडला. नागपूरला तीनदा ऑपरेशन झालं, आत सळया बसवल्या, पण बोटं मिटेनात.

"तुम्ही काय काम करता?" मी तिला विचारलं.

"काही नाही. घरीच राहतो."

आमच्याकडं बायकाही 'राहतो', 'करतो'च म्हणतात. मी म्हटलं, "बाई, कोर्टात असं सांगू नका. पोळ्या करत होत्या, पाणी भरत होत्या, सासूला आंघोळ घालत होत्या, ते सांगा." तिनं मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला कळायला हवा होता.

दावा दाखल केला आणि तारखा सुरू झाल्या. कधी कंपनीचे वकील छिंदवाड्याहून आले नाहीत, कधी वकिलांचा संप, मग जजसाहेबांची बदली. प्रत्येक तारखेला ती दोघं यायची, व्हरांड्यातल्या बाकावर बसायची आणि पुढची तारीख घेऊन बसनं परत जायची. माझ्याकडं सांगायला नवीन काही नसे. काही दिवशी मी त्यांना लांबून बघून दुसऱ्या दारानं आत जायची, एवढा त्या "काय झालं, मॅडम?"चा थकवा आला होता.

शेवटी तिची साक्ष लागली. कंपनीचे वकील वयस्क, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी हिंदीत विचारलं, "आप क्या काम करती हैं?"

"काही नाही. घरीच राहतो."

टायपिस्टनं टाइप केलं, कोई काम नहीं करती. आमचं राज्य हिंदी, त्यामुळे कोर्टात साक्षीदार मराठी बोलतात आणि कागद हिंदीत होतो. तेवढ्यात माणूस बराच बारीक होऊन जातो. ती माझ्याकडं बघत होती, आपण बरोबर सांगितलं ना, अशा नजरेनं.

त्यानंतर नवऱ्याची साक्ष. बाहेर मी त्याला सांगितलं होतं, विचारतील तेवढंच बोला. ती आता मागच्या बाकावर जाऊन बसली होती.

"गाडी आप चला रहे थे?"

"हो."

"सामने ध्यान था?"

वकीलसाहेबांनी सवयीनं विचारलेला प्रश्न होता, उत्तर 'हो'च येणार हे त्यांनाही माहीत होतं.

"नव्हतं," तो म्हणाला. "ही मागून काही बोलली. ऐकू नाही आलं, म्हणून मी मान वळवली. समोर पाहून राहिलो असतो तर ब्रेक लागला असता."

वकीलसाहेब खाली बसले. मी परवानगी घेऊन उठले. मला एवढंच सुचलं. विचारलं, आता घरचं काम कोण करतं?

"मीच करतो. दुकान उशिरा उघडतो. पोळी जमत नाही, भात टाकतो. आईचं सारं करतो. हिची वेणीही मीच घालून देतो, तिरपी होते. पहिले हे सारं आपोआप होते असंच वाटे मले."

जजसाहेब तरुण होते, बाहेरून आलेले. त्यांनी टायपिस्टला थांबवलं आणि ते उत्तर स्वतः सांगून सावकाश लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात तो माझ्यापुढं उभा राहिला. "मॅडम, केस बिघडली ना? पण मी रोज तो हात पाहतो. खोटं नाही बोलवलं."

माझ्यात रागावण्याइतकीही ताकद नव्हती. मी समजावलं की बाई मागे बसली होती, तिची काही चूक नाही. दोन गाड्यांच्या चुकीनं अपघात झाला तरी मागे बसलेल्याला कोणत्याही एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते, तुमच्या बोलण्यानं तिचा हक्क कमी होत नाही. तो ऐकत नव्हता. तो बायकोकडं बघत होता.

ती बाकावर बसली. त्याला म्हणाली, "तुम्ही मान वळवली तुमच्या मनानं नाही. मी बोलली म्हणून वळवली. मले एवढे दिवस तेच वाटून राहिलं. बोलली नसती तर झालंच नसतं."

"तू काय म्हणाली होती तेव्हा?"

"म्हटलं, प्रसाद पिशवीत ठेवला का मंदिराजवळच्या दुकानावरच राहिला."

"एवढंच?"

"एवढंच."

इतक्या वर्षांत त्यानं तिला हे विचारलं नव्हतं. एका घरात, एका ताटाशी बसून दोघं आपापली चूक सांभाळत राहिली होती. तो तिच्या शेजारी बसला. त्यानं विचारलं, "मग? राहिला होता?"

"नाही. पिशवीतच होता."

तो हसला की रडला, मला सांगता येणार नाही. मला दुसऱ्या पेशीला बोलावणं आलं आणि मी आत गेले. बाहेर आले तोवर त्यांची बस निघून गेली होती.

निकाल आमच्या बाजूनं लागला. घरातलं काम हे काम आहे, असं निकालात स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाक्य तिला मराठीत करून सांगितलं. तिनं विचारलं, "असं लिहिलं का खरंच?" आणि पदरानं चेहरा पुसला. कंपनीनं जबलपूरला हायकोर्टात अपील केलं. थोडी रक्कम मिळाली, बाकीची अडकली आहे, आणि ती कधी सुटेल हे मला माहीत नाही.

परवा अपिलाची नोटीस आली म्हणून मी त्याला फोन केला. ती बहिणीकडं पांढुर्ण्याला गेली होती, एकटी, बसनं. डाव्या हातानं पोळी लाटायला शिकली आहे, म्हणाला, जाड होते पण होते. मी नोटिशीचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. माझा आवाज बसलेला वाटला असावा त्याला.

"मॅडम, जेवल्या का तुम्ही?"

नाही, म्हटलं, अजून दोन पेश्या राहिल्या आहेत.