पेट्रोलची ओली रेघ

शिरढोणला घर घेतलं तेव्हा पुढचं छोटंसं लॉन आणि ते कापायचं पेट्रोलचं मशीन, दोन्ही आधीच्या मालकांनी मागे सोडलेलं. यंदा पावसाळ्यानंतर मशीन सुरूच होईना. नवरा कामासाठी पुण्याला गेलेला. एका सकाळी मी मोबाइलवर व्हिडिओ बघत अंगणात कार्बोरेटर खोलला, जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसून पुसून साफ केला आणि परत बसवला. टाकीत पेट्रोल भरलं. दोरीच्या दुसऱ्याच झटक्याला मशीन धडधडलं. त्या आनंदात ते बंद करून स्वयंपाकघरामागच्या पडवीत ढकललं आणि आंघोळीला गेले.

बाहेर आले तर पेट्रोलचा वास. आधी वाटलं, माझ्याच हातांना येतोय. मग फरशीवर नजर गेली. पडवीच्या दाराखालून एक ओली रेघ आत आली होती आणि उताराने देवघराकडे सरकत होती. तिथे सासूबाई पाटावर बसल्या होत्या. समोर निरांजन, हातात काडेपेटी.

"आई, थांबा!"

त्यांना ऐकू कमी येतं, आणि चार दिवस सर्दीने नाक बंद. त्यांनी काडी काढली. मी धावले, त्या ओल्यावरच पाय घसरला, गुडघ्यांवर आपटले आणि तशीच पुढे सरकत त्यांचं मनगट धरलं. काड्या सगळीकडे सांडल्या.

"वेड लागलं का गं तुला?"

मी जमिनीकडे बोट दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, माझ्या भिजलेल्या गाउनकडे बघितलं, आणि माझा हात धरून उठल्या.

त्यांना फाटकाबाहेर उभं केलं. तेवढ्यात फ्रीज आठवला. तो आपोआप सुरू झाला आणि ठिणगी पडली तर? मीटरजवळचा मेन स्विच बाहेरच होता, तो पाडला. पण टाकीतून पेट्रोल अजून ठिबकतच असणार. घराला वळसा घालून मागच्या दाराने पडवीत शिरले. टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची छोटी तोटी, आधी उलट्या बाजूला फिरवला, मग दुसऱ्या. शेवटी बंद झाला. दारं-खिडक्या उघडून आम्ही दोघी दुपारपर्यंत शेजारच्यांच्या ओट्यावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी आमचे माळीकाका आले. झालेलं सगळं ऐकून त्यांनी मशीन अंगणात ओढलं आणि म्हणाले, "ताई, खोला."

"मी नाही हात लावणार आता. तुम्हीच करा."

"उगडलं तुमी, तर बसवा बी तुमीच. नायतर ही भीती जायची नाय. मी हाय ना हितं."

मी कार्बोरेटर खोलला. त्याच्या आतली वाटी पेट्रोलने भरली की त्यात तरंगणारा फ्लोट वर उचलला जातो आणि एक बारीक सुई पेट्रोलची वाट बंद करते. त्या सुईच्या टोकाखाली साडीचा एक धागा अडकला होता. पापणीच्या केसाएवढा. त्यामुळे वाट बंदच होत नव्हती. मी तो चिमट्याने काढला, सगळं पुन्हा जोडलं, कॉक उघडला आणि खाली कोरडा पुठ्ठा ठेवला. तासभर आम्ही त्या पुठ्ठ्याकडे बघत बसलो. थेंब पडला नाही.

"वढा आता दोरी," काका म्हणाले.

मी ओढली. मशीन सुरू झालं, आणि मी दचकून चार पावलं मागे पळाले. काका हसले नाहीत. मी परत येऊन मशीनच्या मुठी धरेपर्यंत ते जवळ नुसते उभे राहिले.