जयभीमनंतरची ओवी

आमच्या ऑफिसातला आनंदराज किनवटकडचा. प्रोग्राम लिहिण्यात त्याचा हात धरणारा नांदेडात मी तरी पाहिला नाही. स्वभाव मात्र असा, की चहा दुसऱ्याने सांडला तरी माफी हाच मागणार. आईने, सरजाबाईंनी, मजुरी करून त्याला होस्टेलात ठेवून शिकवलं. लहानपणी त्याला तिथे सोडून जाताना आईने मागे वळून पाहिलं नाही, हे त्याच्या मनात सलत होतं. विचारायचं धाडस कधी झालं नाही.

सरजाबाई स्वतः ओव्या रचायच्या. त्या मोबाइलवर टिपायला त्याने प्रोग्राम लिहिला. त्यांच्या घरी एक गंमत होती: निघताना दारात 'जयभीम' झाला, की खरं बोलणं तिथून सुरू. म्हणून त्याने सोय केली. बटण दाबलं की आवाज फाईलमध्ये नेणारी स्ट्रीम बंद. पुन्हा कोणी बोललं, तर बंद स्ट्रीम एरर देणार आणि ती मिळताच नवी फाईल उघडणार. चाचणीत हे बिनबोभाट चाललं. मग जागा वाचवायला त्याने त्याच लायब्ररीतली, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या संचातली, आवाज दाबून साठवणारी दुसरी स्ट्रीम घेतली. ही बाई बंद झाल्यावरही तक्रार करत नव्हती. दिलेलं मुकाट घ्यायची आणि टाकून द्यायची. एकाच घरातल्या दोघी, अन् तऱ्हा दोन! असल्या गोडबोल्यांपेक्षा मला भांडकुदळ परवडतात.

उन्हाळ्यात तो गावी गेला. सरजाबाई पोटभर गायल्या, "जयभीम बाळा" म्हणाल्या. त्याने बटण दाबलं. तो उठणार तोच त्या म्हणाल्या, "थांब रं, अजून एक हाय. तुझी हाय."

त्याने मोबाइल पुन्हा त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर आवाजाची रेघ हलत होती आणि आवाज नीट येतोय ना म्हणून तो त्या रेघेकडेच बघत राहिला. कानात राहिली ती पहिली ओळ:

"होस्टेलाच्या दारी बाई, ठेवून आले बाळ…"

पुढचं निवांत ऐकू, असं त्याला वाटलं आणि ते राहूनच गेलं.

पावसाळा सरता सरता सरजाबाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याने मांडवात त्यांच्या ओव्या लावल्या. बायका डोळे पुसत होत्या. 'जयभीम बाळा' झालं, लोक उठू लागले.

"थांबा, अजून एक हाय," आनंदराज म्हणाला.

सगळे परत बसले. काहीच आलं नाही. एरर आली नव्हती, म्हणून दुसरी फाईल झालीच नव्हती.

त्याने मावशीला विचारलं, शेजारणींना विचारलं. "न्हाई रं बाबा," मावशी म्हणाली, "ही ओवी ती आमच्यापाशी कधीच म्हणली न्हाई."

त्याने लायब्ररीवाल्यांना कळवलं. त्यांनी चूक मान्य केली, दुरुस्तही केली. आता दोन्ही स्ट्रीम बंद झाल्यावर सारख्याच ओरडतात. जगाचं भलं झालं. माझा संताप काही जात नाही.

दुपारी डबा खाऊन आनंदराज हेडफोन लावतो. ओव्या होतात, 'जयभीम बाळा' होतं, फाईल संपते. तरी तो बराच वेळ हेडफोन काढत नाही.