बस्त्यावरून उठले तेव्हा

भाव करायला मला आईनं शिकवलं, आणि ते मला फार लवकर जमलं. केजच्या बाजारात वांगी असोत, बांगड्या असोत नाहीतर चपला असोत, वस्तू हातात घ्यायची, तिच्यात खोट काढायची, आपला आकडा सांगायचा आणि समोरचा नाही म्हणाला की वस्तू खाली ठेवून चालायला लागायचं. मागं वळून बघायचं नाही. बघितलं की संपलं! न बघता चाललं तर चार पावलांवर हाक येतेच. आमच्या गल्लीतल्या बायका बाजाराच्या दिवशी मला आईकडून मागून न्यायच्या, शेजारून चाळण मागून न्यावी तशी. आणि मला त्याचा तोरा होता, कशाला खोटं बोलू?

म्हणून माझ्याच लग्नाचा बस्ता बांधायचा ठरला, तेव्हा मलाही दुकानात न्यायचं ठरलं. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी. दोन्हीकडची माणसं एकाच दुकानात, एकाच गादीवर बसून करतात. नवरीचा शालू मुलाकडचे घेणार, नवरदेवाचा पोशाख मुलीकडचे, आणि मग दोन्हीकडच्या मावश्या-आत्यांना मानाच्या साड्या, सगळ्यांची तोंडं वाकडी होईपर्यंत. पण एकदा शालूला कुंकू लागलं आणि ब्लाउजपीसला कात्री लागली की ते लग्न पक्कं. सुपारी फुटून मोडलेली लग्नं मी बघितली होती. बस्ता बांधून मोडलेलं आमच्याकडं कुणी ऐकलेलं नव्हतं.

आणि मला ते लग्न नको होतं. अंबाजोगाईच्या नर्सिंग कॉलेजात माझा नंबर लागला होता. बस्त्याच्याच आठवड्यात जाऊन हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. मी घरात हे सांगून सांगून थकले. रडून सांगितलं, जेवण सोडून सांगितलं. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, सगळं ऐकून घ्यायचे, टोपी घालायचे आणि छावणीवर निघून जायचे.

छावणी जनावरांची. त्या साली असा दुष्काळ होता की ज्वारीचं ताट गुडघ्याच्या वर गेलंच नाही, मग कडबा कुठला? गावच्या सोसायटीनं माळावर छावणी उघडली होती. तिथं टँकरचं पाणी होतं, उसाचं वाढं होतं, आणि आमचे दोन बैल आणि गाय तिथंच बांधलेली होती. आण्णा रात्रंदिवस दावणीपाशी. मी त्यांचा डबा घेऊन जायचे. सोसायटीच्या चेअरमनच्या बायकोनं मला तिथं बघितलं, माझं वय विचारलं, जात-गोत विचारलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या मुलासाठी मागणी आली. आता चेअरमन तेच, छावणी त्यांच्या हातात, पोरगं त्यांचं. आण्णा नाही कसं म्हणणार होते? चेअरमननी कधी धमकी दिली नाही हो. "तुमची दावण सावलीला घेऊ," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आमचे बैल खरंच पत्र्याखाली आले.

मुलगा वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट असता तर बरं झालं असतं, मला भांडायला काहीतरी मिळालं असतं. सरळ होता, शिकलेला होता, कारखान्यावर नोकरीला होता. मी नको म्हणाले की सगळे विचारायचे, "कावून? काय वाईट हाय त्याच्यात?" यावर काय उत्तर देणार, डोंबल? मला तो नको नव्हता, मला जायचं होतं. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती.

तर बस्त्याच्या दिवशी दुकानात बसलेली मी नवरी कमी आणि चोर जास्त होते. मी मनाशी ठरवून गेले होते की दुकानातला सगळ्यात महागडा शालू मागायचा. दुष्काळात एवढी चैन मागणारी पोरगी बघून मुलाकडचेच म्हणतील, नको ही बया आपल्या घरात.

मालकानं गादीवर शालूंचा ढीग घातला. आई त्याच्या शेजारीच बसली होती. मी एकेक बाजूला सारत गेले. हा फिका, याचा पोत विरळ, याची जर टोचते. शेवटी मालकानं वरच्या फळीवरचा डाळिंबी शालू काढला आणि किंमत सांगितली. मी म्हटलं, हाच.

मुलाची आत्या पहिली बोलली. "माय माय माय! टँकरचं पाणी पितोय आपण, अन् हिला एवढ्या मोलाचा शालू?"

"आमची पोरगी काय रोज मागती का?" माझी मावशी उसळली. आणि मग जे जुंपलं म्हणता! कुणाच्या लग्नात कुणाला सुती साडीवर बोळवलं, कुणाचा मान राहिला, सगळं निघालं. चेअरमनबाई ओठ आवळून बसल्या. चेअरमन मिशीवरून हात फिरवत आण्णांकडं बघत होते, आणि आण्णा गादीच्या खोळीकडं. आतून मी म्हणत होते, भांडा, आणखी भांडा.

"निम्म्या भावात देता का बोला," मी मालकाला म्हणाले. कुणी देणार नाही असाच आकडा होता तो.

मालक हसला. "ताई, निम्म्यात तर मला पण पडला न्हाई."

"मग राहू द्या. मला काहीच न्हाई घ्यायचं."

मी शालू ढिगावर टाकला आणि उठले. गादीवरून उतरले, पायरीपाशी चपला कशाबशा पायात अडकवल्या. मी स्टँडकडं जाणार होते. तिथून गाडी पकडून सरळ अंबाजोगाई, मग काय व्हायचं ते होवो. मी एक पाऊल रस्त्यावर टाकलं.

"ओ ताई! ओ ताई, थांबा! या माघारी, घ्या तुमच्याच भावात!"

मालक गादीवरून अर्धा उठला होता, शालू हातात धरून. आणि माझ्यामागं सगळं दुकान खदाखदा हसत होतं. भांडणाऱ्या आत्या आणि मावशी एकमेकींच्या मांडीवर थापा मारत होत्या. चेअरमनबाईंचे आवळलेले ओठ सुटले. "बाई बाई, काय धीराची हाय! मी तर म्हनलं गेलीच आता ही!"

"सून न्हाई, वकील चाललाय आपल्या घरात," चेअरमन म्हणाले.

"मी भाव करत नव्हते," मी म्हणाले. खरंच म्हणाले, मोठ्यानं म्हणाले. लोक आणखीनच हसले. भाव करणारं माणूस असंच म्हणतं ना! मी पुन्हा म्हणाले, "मला खरंच जायचंय," तर आत्यानं येऊन माझ्या गालावरून बोटं मोडली.

तेवढ्यात मी आण्णांकडं बघितलं. आण्णा हसत होते. छावणी उघडल्यापासून मी त्यांचे दात बघितले नव्हते. माझा तोंडाशी आलेला शब्द तिथंच अडकला. मला चेअरमनबाईंनी दंडाला धरून गादीवर बसवलं. शालूच्या पदराला कुंकू लागलं. मालकानं ब्लाउजपीसचा तागा ओढला आणि कात्री चालली. माझी अक्कल, माझा तोरा, माझं ते न बघता चालणं, त्या सगळ्याचा मला इतका संताप आला की वाटलं स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावं.

बस्त्याचे गठ्ठे घेऊन पुरुषमाणसं जीपनं गेली. बाकीच्या बायका काळीपिवळीत कोंबून बसल्या. आई म्हणाली, आमी दोघी एसटीनं येतो. स्टँडवर तिनं शेंगा घेतल्या, त्याही सांगितल्या भावात. मला ते विचित्र वाटलं. एक शेंग फोडून तिनं दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली,

"बाजारात उठतीस तवा पदर झटकतीस, सावकाश चालतीस. आज उठलीस ते उजव्या पायात डावी चप्पल घालून."

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"तू चपलांत पाय घालत होतीस तवा मालकाला मीच सांगितलं. पोरगी रस्त्याला लागली तर तुझा सगळा बस्ता गेला समज म्हनलं, मागती त्या भावात दे अन् हाक मार. बाकीच्या साड्यांत काढून घेईल तो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अन् कळूनसुद्धा हाक मारायला लावलीस? कावून?"

"कळलं म्हनूनच," आई म्हणाली. "नुसता भाव करत असतीस तर मी कशाला मधी पडले असते? तू खरंच गेली असतीस. मग तुझ्या आण्णानं बैल सोडून कुठं न्यायचे होते, सांग की."

समोर अंबाजोगाईची गाडी लागली होती. ती सुटून स्टँडबाहेर जाईपर्यंत आईनं माझं मनगट सोडलं नाही.